हळदीचा डाग आणि वेंकटरामन सर

मी कॉन्व्हेंटमधला, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या.

सुट्टीत बिडकीनला घरी होतो. पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडला. काकांच्या दुकानात नोटा तपासायचा यूव्ही दिवा आहे, त्याखाली डाग हिरवट-पिवळा चमकला. साबणाने तो लाल झाला, पण गेला नाही. आजीने शर्ट उन्हात टाकला आणि दोन दिवसांत डाग गायब! चमकणारा रंगच उन्हात उडावा, हे कसं?

उत्तर शोधताना लायब्ररीत के. वेंकटरामन भेटले. जन्म 1901 चा, मद्रासचा. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन केलं आणि परत येऊन लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. ऑरगॅनिकवाले घोकतात ती बेकर-वेंकटरामन पुनर्रचना याच काळातली. तिच्यातून फ्लेव्होन, म्हणजे झाडापानांतल्या पिवळ्या रंगांची मंडळी, बनवता येतात.

1934 मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात आले (आजची माटुंग्याची आयसीटी) आणि 1938 मध्ये विभागप्रमुख झाले. तेव्हा गिरण्या आपल्या, पण रंग बहुतेक विलायती. कापड विणणाऱ्या देशाला स्वतःचा रंग करता येऊ नये, ही गोष्ट मला तरी खटकली. सरांनी तिथे तेवीस वर्षं रंगाचे रसायनतज्ज्ञ घडवले. 1952 मध्ये त्यांच्या 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज'चे दोन जाडजूड खंड आले. पुढे त्यांच्या संपादनाखाली ते आठ झाले.

आता डागाचं. यूव्ही गिळलेल्या रेणूला ती ऊर्जा कुठेतरी टाकावीच लागते. उजेड म्हणून परत दिली की तो चमकतो, उष्णता म्हणून सोडली की शांत होतो, नाहीतर स्वतःच तुटतो. हळदीतला कर्क्युमिन थोडा चमकतो, पण उन्हात, हवेत त्याची मधली साखळी तुटते आणि पिवळेपणा जातो. म्हणजे चमकला म्हणून उडाला असं नाही, दोन्ही वाटा एकाच उजेडातून फुटतात. लाखेचा लाल रंग वेगळ्या घराण्यातला, अँथ्राक्विनोनचा. त्यातले बरेच रेणू ऊर्जा झटकन उष्णतेत घालवतात, म्हणून हळदीपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. या लाखेच्या रंगाची रचना उलगडण्याचं काम सरांनी सहकाऱ्यांबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत केलं. 1957 ते 1966 ते तिथले पहिले भारतीय संचालक होते. 1981 मध्ये ते गेले.

हे सगळं आजीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पैठणी सावलीत वाळत घातली.