पवनचक्कीचे आचार्य : पोल ला कूर

मोठे शोध मोठ्या शहरांतच लागतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती किती अपुरी आहे, हें डेन्मार्क देशांतील एका ग्रामशाळेच्या शिक्षकाचें चरित्र पाहिलें असतां ध्यानांत येतें.

पोल ला कूर यांचा जन्म इ. स. १८४६ मध्यें जटलंड प्रांतांत झाला. विज्ञानाचा अभ्यास करून ते कोपनहेगन येथील सरकारी हवामान-संस्थेंत उपसंचालक झाले. तारायंत्रासंबंधींच्या शोधांनीं त्यांचें नांव परदेशींहि पोहोंचलें. असें असतां त्यांनीं राजधानी सोडली, आणि इ. स. १८७८ मध्यें ते आस्कोव्ह गांवच्या लोकशाळेंत शिक्षक झाले. खेड्यांतील तरुणांस गणित व विज्ञान शिकविणें त्यांस अधिक मोलाचें वाटलें.

त्या काळीं विजेचा प्रकाश शहरांपुरताच होता. खेडीं अंधारांत राहिलीं तर तरुण पिढी गांव सोडून जाईल, ही त्यांची चिंता होती. वारा मात्र तेथें विपुल. म्हणून सरकारी साह्यानें त्यांनीं इ. स. १८९१ मध्यें प्रयोगाची पवनचक्की उभारिली. परंतु वारा लहरी, त्याची शक्ति सांठवावी कशी? विजेनें पाण्याचें पृथक्करण करून त्यांनीं हायड्रोजन वायु सांठविला व त्यावर शाळेंत दिवे लाविले. त्यांत प्राणवायूचा अंश मिसळला म्हणजे स्फोट होई, आणि शाळेच्या खिडक्या पुन्हां बसवाव्या लागत. तरी त्यांनीं उद्योग सोडला नाहीं.

चक्कीचीं पातीं पूर्वीं कारागीर परंपरेनें घडवीत. ला कूर यांनीं नळकांड्यांतून कृत्रिम वारा सोडून लहान नमुने पारखिले. सपाट पात्यापेक्षां किंचित् वांकविलेलें पातें अधिक काम देतें, आणि विजेसाठीं पुष्कळ पात्यांच्या मंद चक्रापेक्षां थोड्या पात्यांचें वेगवान् चक्र बरें, असें त्यांस आढळलें. मात्र वेग दुप्पट झाला कीं पात्यास बाहेर ओढणारा ताण चौपट होतो. म्हणून पातीं थोडीं असलीं तरी तीं फार बळकट असावीं लागतात.

इ. स. १९०४ मध्यें ग्रामीण तरुणांस विजेचें काम शिकविण्याचे वर्ग त्यांनीं चालविले. इ. स. १९०८ मध्यें ते निवर्तले. दहा वर्षांनंतर त्या देशांतील सुमारें १२० स्थानिक वीजघरांस पवनचक्क्यांचें साह्य होतें. त्या वर्गांतले एक विद्यार्थी योहानेस यूल यांनीं इ. स. १९५७ मध्यें गेडसेर येथें २०० किलोवॉटची चक्की उभी केली. तिचीं तीन पातीं ताणाच्या सळयांनीं एकमेकांस जखडलेलीं होतीं. ती सुमारें दहा वर्षें चालली, आणि पुढील काळांतील तीन पात्यांच्या चक्क्यांस ती आदर्श ठरली.

गुरु गेल्यावर ४९ वर्षांनीं शिष्याच्या हातून हें कार्य झालें. वर्गांत फळ्यापुढें उभे असतांना आम्हांस याचें स्मरण होतें. आज पेरलेलें कोणत्या बाकावर रुजेल, हें शिक्षकास दिसत नाहीं. तरी त्यानें पेरीत राहावें, आणि तुम्ही तें वाया जाऊं देऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.