परसातला डार्विन

चार्ल्स डार्विन म्हटले की विद्यार्थ्यांना 'बीगल' जहाज आठवते, गालापागोस बेटे आठवतात, आणि हटकून माकड आठवते. प्राणिशास्त्राच्या वर्गात हा अनुभव मला दरवर्षी येतो. जहाजाचा प्रवास पाच वर्षांचा. मात्र १८४२ पासून मरेपर्यंतची चाळीस वर्षे हा मनुष्य एका खेड्यात राहून काय करीत होता, हे फारसे कोणी विचारीत नाही. सजीवांचे एकमेकांशी आणि परिसराशी असलेले नाते समजून घ्यायचे तर मला ही चाळीस वर्षेच अधिक मोलाची वाटतात.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी येथे झाला. वडील नामांकित डॉक्टर. त्यांनी मुलाला वैद्यकीसाठी एडिंबरोला धाडले. पण शस्त्रक्रिया पाहणे त्याला सोसवेना. मग धर्मोपदेशक व्हावे म्हणून केंब्रिजला पाठविले, तर तेथे स्वारी भुंगेरे गोळा करण्यात रमली. डिसेंबर १८३१ मध्ये तो 'बीगल'वर चढला आणि ऑक्टोबर १८३६ मध्ये परतला. १८३९ साली एमाशी त्याचा विवाह झाला. ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्या सीमाभागात या नात्याचे कोणाला नवल वाटू नये. १८४२ साली लंडन सोडून हे कुटुंब केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात राहावयास गेले.

प्रकृती कायमची बिघडलेली. ओकाऱ्या आणि थकवा यांमुळे दिवसाकाठी जेमतेम काही तास काम होई. १८५१ साली दहा वर्षांची लाडकी ॲनी गेली. तरीही पाहणे आणि मोजणे सुटले नाही.

१८५७ साली त्याने परसातील तीन फूट लांब व दोन फूट रुंद जागा खणून साफ केली आणि तेथे उगवणाऱ्या तणाच्या प्रत्येक रोपाला खूण केली. ३५७ रोपे उगवली. त्यांतली २९५ नष्ट झाली, बहुतेक गोगलगाई आणि किडे यांच्या तोंडी पडून. सरे परगण्यातील फार्नमजवळच्या माळावरही त्याला असेच काही दिसले. कुंपण घातलेल्या भागात पाइनची झाडे दाटीने वाढली होती, उघड्या माळावर मात्र एकही नवे झाड दिसेना. खाली वाकून झुडपांत पाहिले, तर एका चौरस यार्डात गुरांनी खुरटलेली ३२ रोपे निघाली. त्यांतल्या एकाच्या खोडात २६ वर्षांची वलये होती! माती होती, पाऊस होता, बीही होते; झाड होत नव्हते ते केवळ गुरांमुळे. परिसर म्हणजे नुसते हवा-पाणी नव्हे, शेजारचा जीवही परिसरच, हा धडा येथे मिळतो.

१८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात त्याने एक साखळी मांडली. लाल क्लोव्हर या चाऱ्याला बी धरण्यासाठी केसाळ भुंगे लागतात. भुंग्यांची घरटी उंदीर उद्ध्वस्त करतात. उंदरांना मांजरे मारतात. तेव्हा गावात मांजरे किती, यावर रानातला क्लोव्हर अवलंबून असू शकतो. आज आपण फळ्यावर अन्नजाळे काढतो, त्याचे मूळ रूप हेच. पुढे १८६६ साली अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने या अभ्यासाला नाव दिले, ते 'घर' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपण त्यास परिस्थितिविज्ञान म्हणतो.

डार्विनचा अखेरचा ग्रंथ गांडुळावर आहे. कन्नड विभागातील मित्र ज्याला एरेहुळू म्हणतात, तेच हे. शेतात पसरलेला चुना व राख काही वर्षांत जमिनीखाली जाते, हे मामांनी त्याला दाखविले होते, आणि १८३७ मध्येच त्याने त्यावर निबंध वाचला होता. १८४२ साली त्याने डाऊनच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरविले आणि १८७१ साली तेथे चर खणला. २९ वर्षांत तो थर सात इंच खाली गेला होता. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एकरी दहा टनांहून अधिक माती दरसाल गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्याने मांडला. घरात कुंड्यांतून गांडुळे पाळली, त्यांच्याजवळ वाद्ये वाजवून पाहिली. त्यांना ऐकू येत नाही, पण कंप कळतो, असे ठरले. १८८१ मध्ये ग्रंथ निघाला आणि १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विनचे डाऊन येथेच निधन झाले.

प्रयोगशाळेत यंत्रे नाहीत, प्रवासाला पैसे नाहीत, म्हणून आपल्याकडून संशोधन होत नाही, अशी तक्रार मी विद्यार्थ्यांकडून ऐकतो, आमच्या शिक्षकांच्या खोलीतही ऐकतो. ती अगदीच खोटी नाही. पण कुदळ, चार खुंट्या, दोरी आणि वही एवढे साहित्य कोणत्याही महाविद्यालयात मिळेल. पहिला पाऊस पडला की मैदानाच्या कडेला तीन फूट बाय दोन फूट जागा आखावी, रोज काय उगवले आणि काय कोणी खाल्ले ते लिहावे. लागेल ती चिकाटी. आणि ती आजारी डार्विनने चाळीस वर्षे टिकविली होती.