विल्यम रिचर्ड स्टीव्हन्स

विल्यम रिचर्ड स्टीव्हन्स (जन्म : लुआन्शा, उत्तर ऱ्होडेशिया, ५ फेब्रुवारी १९५१, मृत्यू : १ सप्टेंबर १९९९) हे युनिक्स आणि संगणक नेटवर्क या विषयांवरील ग्रंथांचे अमेरिकन लेखक होते.

जीवन

मिशिगन विद्यापीठातून १९७३ साली ते अवकाश अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. किट पीक वेधशाळेत प्रोग्रॅमर असताना त्यांनी ॲरिझोना विद्यापीठात पुढील शिक्षण घेतले. १९८२ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. १९९० पासून त्यांनी पूर्णवेळ लेखन व सल्लागाराचे काम केले.

लेखन

'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग' (१९९०) या ग्रंथात त्यांनी सी भाषेत सर्व्हर कसा लिहावा, हे संपूर्ण प्रोग्रॅम देऊन दाखवले. सर्व्हर सॉकेट तयार करतो, त्याला पत्ता जोडतो (बाइंड), जोडण्यांची वाट पाहतो (लिसन) आणि आलेली जोडणी स्वीकारतो (ॲक्सेप्ट). ॲक्सेप्ट प्रत्येक जोडणीसाठी नवे सॉकेट देते. मूळ सॉकेट पुढील जोडण्यांसाठी खुले राहते.

लिसनला द्यावयाच्या 'बॅकलॉग' या संख्येचा अर्थ मात्र संदिग्ध होता. दुसऱ्या आवृत्तीत (१९९८) स्टीव्हन्स यांनी अपूर्ण व पूर्ण जोडण्यांच्या दोन रांगांचे स्पष्टीकरण केले. संख्या तीच असली तरी निरनिराळ्या प्रणाली कमीअधिक जोडण्या रांगेत ठेवतात, हे त्यांनी प्रत्यक्ष मोजून कोष्टकात मांडले.

'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड'चे तीन खंड १९९४ ते १९९६ या काळात प्रसिद्ध झाले.

वारसा

'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग'चा नियोजित तिसरा खंड त्यांच्या निधनामुळे अपूर्ण राहिला. २००० साली त्यांना युसेनिक्सचा जीवनगौरव पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला. पहिल्या खंडाची तिसरी आवृत्ती बिल फेनर व अँड्र्यू रुडॉफ यांनी २००३ मध्ये सिद्ध केली.