मधल्या स्पीकरमधले दामलेमामा

शिरूरच्या बाजारपेठेत माझे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. व्हॉल्व्हचे रेडिओ, टेपरेकॉर्डर, व्हीसीआर, मग व्हीसीडी आणि डीव्हीडी अशी एकेक पिढी या काउंटरवरून गेली. आता साउंडबार आणि होम थिएटर येतात. यंत्रे बदलली, गिऱ्हाइकांचे प्रश्न मात्र फारसे बदललेले नाहीत. डॉल्बी चांगले की डीटीएस? पाच स्पीकर कुठल्या भिंतीवर ठोकायचे? ‘पाच पॉइंट एक’ म्हणतात, त्यातला तो ‘एक’ कोण? (समोर तीन, मागे दोन, हे झाले पाच. ‘एक’ म्हणजे फक्त गडगडाट आणि घुमारा काढणारा मोठा डबा. त्याला पूर्ण स्पीकरचा मान नाही, म्हणून तो पॉइंटच्या पलीकडे.)

या सगळ्यांत एक तक्रार माझ्या विशेष आवडीची आहे. दौंडहून एक निवृत्त रेल्वे गार्ड अख्खा सेट खोक्यात भरून एसटीने माझ्याकडे घेऊन आले. इंग्रजी चित्रपट लावला की विमान डोक्यावरून जाते, पण ‘संत तुकाराम’ लावला की मधला एकच स्पीकर बोलतो, बाकीचे चार मुके, असे त्यांचे म्हणणे. सेट ठणठणीत होता. खरे सांगायचे तर तो अगदी प्रामाणिकपणे वागत होता. पण हे समजावून सांगायचे तर यंत्र बाजूला ठेवून एका माणसाची गोष्ट सांगावी लागते, आणि ती दुकानात उभ्याउभ्या सांगून होत नाही.

त्या माणसाचे नाव विष्णुपंत गोविंद दामले. ‘संत तुकाराम’चे एक दिग्दर्शक म्हणून ते आपल्याला माहीत असतात. ‘प्रभात’च्या ध्वनिमुद्रणाची धुरा त्यांनी वाहिली होती, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात नसते.

दामले मूळचे पेणचे. जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा. नाटकांचे पडदे रंगवण्याची कला शिकायची म्हणून हा मुलगा कोल्हापूरला गेला आणि आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंच्या हाताखाली दाखल झाला. पेंटर बंधूंच्या घरात रंगाइतकेच वेड यंत्रांचे होते. १९१६ साली आनंदराव अकाली गेले, पण बाबूरावांनी नाद सोडला नाही. कॅमेरा कोल्हापुरातच तयार करून त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. दामल्यांची खरी शाळा ही. येथे कुणी कुणाला पुस्तकातून शिकवत नव्हते. यंत्र उघडायचे, कळेपर्यंत पाहायचे आणि पुन्हा जोडायचे. माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला ही शाळा चांगली ओळखीची वाटते.

याच कंपनीत त्यांची गाठ शेख फत्तेलाल या कागलच्या कलावंताशी पडली. एकाचा हात यंत्रावर, दुसऱ्याचा कुंचल्यावर. पुढे एक ‘दामलेमामा’ आणि दुसरे ‘साहेबमामा’ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि ही जोडी शेवटपर्यंत टिकली. १९२८ साली दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला. त्यानंतर वर्षभरातच, १ जून १९२९ रोजी, व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि पैशाचे बळ पुरवणारे सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. पहिल्या दोन वर्षांत कंपनीने सहा मूकपट काढले. घडी बसत होती. आणि तेवढ्यात पडदा बोलू लागला.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला. त्याची एक हकीकत दौंडकरांना आवडावी. इंपीरियलचा तो स्टुडिओ रेल्वेमार्गाच्या जवळ होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट माइकमध्ये शिरायचा, म्हणून चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागे. दौंड जंक्शनवर तो चित्रपट काढायचा असता तर तो कधी पुरा झाला असता, कोण जाणे!

मूकपटाच्या लोकांवर त्या वर्षी काय संकट कोसळले असेल, याची आज कल्पना येत नाही. ज्यांचे सगळे कौशल्य डोळ्यांसाठी होते, त्यांना एका रात्रीत कानांसाठी काम करावे लागणार होते. दिग्दर्शक शांताराम, नेपथ्य फत्तेलालांचे, कॅमेरा धायबरांचा. आवाजाचे काय? भारतात हे शिकवणारी शाळा नव्हती. परदेशी यंत्र येई, बरोबर माहितीपत्रक येई, आणि पुढचे ज्याचे त्याने पाहावे. हे काम दामल्यांनी अंगावर घेतले. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. या वयात माणसे नवा धंदा शिकत नाहीत. शिवाय हे फसले असते तर नुकसान एकट्याचे नव्हते. पाच भागीदारांचा संसार आणि कंपनीत पोट असलेली सगळी कोल्हापूरकर मंडळी त्या माइकच्या भरवशावर होती.

काम काय होते, ते थोडे समजून घेऊ. बोलपटाच्या फिल्मवर चित्रांच्या कडेला एक अरुंद पट्टी असते. माणूस बोलतो, माइक त्या बोलण्याचे विजेच्या प्रवाहात रूपांतर करतो, त्या प्रवाहाने प्रकाश कमीजास्त होतो आणि तो या पट्टीवर छापला जातो. थिएटरात उलटे घडते. पट्टीतून दिव्याचा प्रकाश जातो, पलीकडचा फोटोसेल त्याची पुन्हा वीज करतो आणि स्पीकर बोलतो. फिल्म सेकंदाला चोवीस चित्रे या वेगाने सरकते. चित्र क्षणभर थांबावे लागते, आवाज मात्र अखंड वाहावा लागतो. म्हणून एखाद्या चित्राचा आवाज त्याच्या शेजारी नसून सुमारे वीस चित्रे पुढे छापलेला असतो. वेग जरा डळमळला की गाणारा गळा रडू लागतो. फिल्म धुताना रसायन जरा जास्त झाले की ‘स’ आणि ‘श’ यांत फरक उरत नाही. ध्वनिमुद्रकाला माइकपासून प्रयोगशाळेतल्या टाकीपर्यंत सगळीकडे नजर ठेवावी लागे.

आणि पट्टी एकच. माझ्या गार्डसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. एका पट्टीवर एकच आवाज मावतो. तो थिएटरात पडद्यामागच्या स्पीकरमधून, समोरून येई. आजचे यंत्र हे ओळखते आणि तो आवाज मधल्या स्पीकरकडे पाठवते.

१९३२ च्या फेब्रुवारीत ‘प्रभात’चा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ आला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे मुख्य भूमिकांत. गाणी आधी ध्वनिमुद्रित करून पडद्यावर ओठ हलवण्याची सोय तेव्हा नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर गात आणि साथीदार चौकटीबाहेर दडून वाजवीत. तबला जरा जवळ बसला की शब्द बुडाले, गायिकेने मान फिरवली की सूर गेला. नंतर दुरुस्ती नाही. जे झाले ते एकाच वेळी, एकाच पट्टीवर. आज ध्वनिमिश्रण करणाऱ्यांपुढे शेकडो वेगवेगळे ट्रॅक असतात. दामल्यांचे मिश्रण म्हणजे कुणाला कुठे बसवायचे, एवढेच. आज मिळणाऱ्या मराठी बोलपटांत हा सर्वांत जुना, आणि नव्वदहून अधिक वर्षांनीही त्यातले शब्द कळतात. माझ्या दृष्टीने हे प्रशस्तिपत्र पुरेसे आहे.

१९३३ साली कंपनी पुण्याला आली. ‘अमृतमंथन’, ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’ यांची नावे वाचकांना नव्याने सांगायला नकोत. शांतारामांच्या नावाचा दबदबा वाढत होता, दामले आपल्या यंत्रांत मग्न होते. १९३६ साली मात्र दिग्दर्शनासाठी दामले-फत्तेलाल पुढे आले आणि त्यांनी केला ‘संत तुकाराम’.

पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे, तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस, आवलीच्या भूमिकेत गौरी. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला एक अभंग तर भल्याभल्यांना तुकोबांचाच वाटला. १२ डिसेंबरला मुंबईच्या सेंट्रलमध्ये चित्रपट लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. गावोगावी तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये लोक पादत्राणे बाहेर काढून बसत, असे जुनी माणसे सांगतात.

मला स्वतःला त्या चित्रपटातली शांतता सर्वांत आवडते. ध्वनिमुद्रक दिग्दर्शक झाला की काय होते, ते तिथे कळते. पागनीसांचा आवाज चढत नाही. आवलीचा तोंडाचा पट्टा चालू असतो आणि त्या दोन आवाजांच्या मध्ये वाद्यवृंद घुसत नाही. शब्दाला जागा ठेवलेली आहे. १९३७ साली शांतारामांनी ‘कुंकू’ काढला, त्यात तर पार्श्वसंगीतच नाही. जे वाजते ते त्या घरातलेच. आवाजावर एवढा भरवसा ठेवणे त्याच कंपनीला शक्य होते जिच्या ध्वनिविभागाचा पाया पक्का होता.

याच सुमारास तिकडे अमेरिकेत चौफेर आवाजाचे प्रयोग सुरू होते. वॉल्ट डिस्ने यांचा ‘फँटेशिया’ नोव्हेंबर १९४० मध्ये न्यूयॉर्कला दाखवला गेला, तो अनेक स्पीकरांच्या खास व्यवस्थेसह. आपल्या होम थिएटरचा पणजोबा म्हणा. त्याच १९४० साली दामले-फत्तेलालांचा ‘संत ज्ञानेश्वर’ आला, एका पट्टीवरच. डिस्नेंची ती व्यवस्था इतकी खर्चीक होती की मोजक्याच शहरांत पोचली. दामल्यांची एक पट्टी बैलगाडीतून जाणाऱ्या प्रोजेक्टरवरही वाजत होती.

पुढची कथा डिजिटलची. रे डॉल्बी १९६३ पासून दोन वर्षे युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९६५ साली त्यांनी लंडनला कंपनी काढली. १९९२ साली त्यांच्या कंपनीने डिजिटल आवाज फिल्मच्या कडेच्या भोकांमधल्या चिमुकल्या जागेत छापला. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’साठी डीटीएसवाल्यांनी उलट केले. फिल्मवर फक्त वेळेच्या खुणा ठेवल्या आणि आवाज वेगळ्या सीडीवर. डीव्हीडीवर डॉल्बीचा प्रवाह सेकंदाला ४४८ किलोबिटपर्यंत, डीटीएसचा त्याहून बराच मोठा. पण आकडा मोठा म्हणजे आवाज थोर, असे नाही. मूळ मिश्रण कसे केले आहे, यावर निम्म्याहून जास्त अवलंबून असते. गिऱ्हाइकाला हे पटत नाही, ते सोडा.

वरवंडची एक आठवण सांगतो. तुकोबांची पालखी देहूहून निघते, ती यवत, वरवंड अशी दौंड तालुक्यातून जाते. मुक्कामाच्या रात्री तिथल्या एका घरी अंगणात वारकऱ्यांसाठी ‘संत तुकाराम’ लावतात. त्यांच्या मुलाने पाचही स्पीकर लावून यंत्राचे ‘हॉल’ नावाचे बटण दाबले होते. तुकोबा विहिरीतून बोलत होते आणि एक म्हाताऱ्या आजी सारख्या विचारत होत्या, काय म्हणाले? मी ते बटण बंद केले, मागचे स्पीकर आणि मोठा डबा काढून टाकला, मधला स्पीकर ठेवला, वरचा किरकिरा सूर थोडा उतरवला. त्या काळच्या थिएटरातही तो तसा उतरलेलाच असे. चित्रपट पुढे चालू झाला. आजींनी नंतर काही विचारले नाही. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि आवली मुलांबाळांत मागे राहते, तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

‘संत सखू’ १९४१ चा. पुढच्या वर्षी शांताराम ‘प्रभात’मधून बाहेर पडले. दामल्यांची प्रकृती ढासळली होती. ५ जुलै १९४५ रोजी ते गेले. वय बावन्न. कंपनीही पुढे फार वर्षे तगली नाही. १९६० साली तिच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आली. ‘प्रभात’चे ते भव्य चित्रीकरण दालन तेथे आजही उभे आहे.

२००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठीला आग लागली आणि बरीच मूळ रिळे जळाली. महत्त्वाच्या चित्रपटांच्या प्रती सुदैवाने आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या. ते काम करणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली सुरू झाले. साहेबमामा फत्तेलाल गेले तेही त्याच वर्षी.