कॅप्टन सदरलँडचा कप

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंदच आठवतात. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची हॉकी मात्र बर्फावरची. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा सांभाळून घ्या!)

जेम्स सदरलँड यांचा जन्म 1870 चा, कॅनडातल्या किंग्स्टन गावचा. पोटापाण्यासाठी गावोगाव फिरून बूट विकायचे आणि उरलेल्या वेळात फक्त आइस हॉकी. किंग्स्टनच्या फ्रंटेनॅक्स टीमची पोरं त्यांनी घडवली. त्यातलाच एक स्कॉटी डेव्हिडसन. हा पुढे टोरांटोचा कॅप्टन झाला आणि 1914 मध्ये त्याच्या टीमने स्टॅन्ले कप जिंकला. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं, स्कॉटी सैन्यात गेला आणि जून 1915 मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला.

आता मला खरंच अस्वस्थ करणारी गोष्ट. सदरलँड तेव्हा ओन्टारिओ हॉकी असोसिएशनचे अध्यक्ष होते. स्कॉटी जाऊन सहा महिनेही झाले नव्हते, आणि या माणसाने सगळ्या हॉकी खेळाडूंना जाहीर आवाहन केलं, की सैन्यात भरती व्हा. म्हणजे आपल्याच वयाच्या पोरांना! पुढे फेब्रुवारी 1916 मध्ये किंग्स्टनचाच जॉर्ज रिचर्डसन, क्वीन्स युनिव्हर्सिटीचा नामवंत खेळाडू, आघाडीवर मारला गेला.

एक मान्य करायला हवं. सदरलँड स्वतः घरी बसले नाहीत. पंचेचाळिशी उलटलेली असताना तेही युरोपात गेले आणि सैन्यात कॅप्टन झाले. पण त्यांचं काम पुरवठा विभागात, खंदकात नाही. ते परत आले. अनेक पोरं आली नाहीत.

मेलेल्या खेळाडूंच्या नावाने ज्युनिअर खेळाडूंसाठी राष्ट्रीय कप असावा, ही कल्पना त्यांचीच. 1919 च्या मार्चमध्ये पहिला मेमोरियल कप टोरांटोत खेळला गेला. युनिव्हर्सिटी ऑफ टोरांटो स्कूल्स या शाळेच्या टीमने रेजायना पॅट्रिशियाजला दोन मॅचेसमध्ये मिळून 29-8 असं धुतलं. फायनल म्हणून अगदीच एकतर्फी! पण लढाईत गेलेल्यांच्या आठवणीचा कप शाळकरी पोरांच्या हातात गेला, हे मला फार लागतं. सदरलँडना तेव्हा काय वाटलं असेल? अपराधी वाटलं असेल का? मी तरी ठरवू शकलो नाही.

त्याच वर्षी ते कॅनडाच्या हौशी हॉकी संघटनेचे अध्यक्ष झाले. म्हातारपणी मात्र एकच ध्यास, हॉकीचा जन्म किंग्स्टनला झाला हे सिद्ध करायचं! 1942 मध्ये संघटनेच्या समितीने ते मान्यही केलं (समितीत साहेब स्वतः होते, हे सांगायला नकोच). 1943 मध्ये हॉल ऑफ फेम किंग्स्टनला मंजूर झालं. पण इमारत काही उभी राहीना, आणि 1955 मध्ये ते गेले. नंतर ते हॉल टोरांटोला गेलं. मॉन्ट्रियलची मॅच 1875 ची, किंग्स्टनच्या आधीची, त्यामुळे तो दावाही इतिहासकारांनी मोडीत काढला.

कप मात्र टिकला. 1972 पासून ती एका शहरात भरणारी टूर्नामेंट झाली. 2010 मध्ये तो देशासाठी प्राण दिलेल्या सगळ्याच कॅनेडियन सैनिकांना नव्याने अर्पण केला गेला. तिथे ज्युनिअर म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षांची पोरं. मी वीसचा आहे.