पेटी तरी कुठे आपली होती?

परवा भाईंदरच्या आमच्या घरात चांगलंच वाजलं. लेकीने ‘मानापमान’मधलं एक पद कॉम्प्युटरवर घेतलं, त्याखाली धडधडता इलेक्ट्रॉनिक ठेका टाकला, सिंथेसायझरचे सूर चढवले आणि मोठ्या हौसेने मला ऐकवलं. नाट्यसंगीताची पार वाट लावलीस, म्हणून मी फटकारलं. पोरगी जेवायलासुद्धा आली नाही.

रात्री झोप लागेना. डोक्यात सारखे गोविंदराव टेंबे येत होते. कारण ज्या चालीसाठी मी भांडले, ती त्यांचीच.

गोविंदरावांचा जन्म १८८१चा, कोल्हापूर भागातला. पेटी ते बहुतेक स्वतःच शिकले. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसले, अल्लादियाखाँसाहेबांना गुरू मानलं. १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या. तोवर संगीत नाटकात साकी, दिंडी, कीर्तन-लावणीच्या वळणाची पदं असायची. गोविंदरावांनी त्यात उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचा बाज आणला. बैठकीतलं गाणं मराठी शब्द लेवून रंगभूमीवर आलं आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून घराघरात गेलं.

पुढे १९१३मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. दोनेक वर्षांत बाहेर पडून स्वतःची शिवराज मंडळी उभारली. बोलपट आले, तेव्हाही ते मागे राहिले नाहीत. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त त्यांनी संगीत दिलं आणि दुर्गा खोट्यांसमोर हरिश्चंद्राची भूमिकाही केली!

आणि त्यांची ती पेटी? ती तर युरोपातून आलेली. आपल्या गाण्याला ती शोभत नाही, असं मानून १९४०मध्ये रेडिओने तिच्यावर बंदी घातली होती. १९५५मध्ये गोविंदराव गेले, तेव्हाही ती उठलेली नव्हती. आज पेटीशिवाय आपलं भजन तरी होतं का हो?

सकाळी चहाचा कप घेऊन लेकीजवळ गेले. पुन्हा लाव म्हटलं. नीट ऐकलं. ठेका फार मोठा झालाय, शब्द बुडतायत, हे सांगितलं. तिने तो लगेच खाली आणला. मग गोविंदरावांची सगळी गोष्ट तिला सांगितली.

सगळंच आवडलं असं नाही मैत्रिणींनो, पण मधली ती एक हरकत तिने जशीच्या तशी जपली होती. रागाच्या भरात तेवढीच मला ऐकू आली नव्हती.