दौडत्या भुताचा सौदा

२१ नोव्हेंबर १९२५ रोजी कोलंबस शहरात इलिनॉय विद्यापीठाच्या संघाने ओहायो स्टेट विद्यापीठाचा १४-९ असा पराभव केला. ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक त्या दिवशी मैदानावर जमले होते. परंतु निकालापेक्षा साऱ्यांना उत्सुकता होती ती ७७ क्रमांकाचा सदरा घालणाऱ्या बावीस वर्षांच्या एका तरुणाच्या निर्णयाची. सामना संपला आणि त्या तरुणाने जाहीर केले, की आपण विद्यापीठ सोडून व्यावसायिक फुटबॉल खेळणार आहोत. दुसऱ्याच दिवशी त्याने शिकागो बेअर्स या संघाशी करार केला. पदवी हाती पडायला अवघे काही महिने उरले होते. अमेरिकेतील वृत्तपत्रे, प्राध्यापक आणि क्रीडाशिक्षक यांच्यात त्यावरून जे वादळ उठले, त्याचा निनाद आज शंभर वर्षांनंतरही पुरता विरलेला नाही. त्या तरुणाचे नाव हॅरल्ड एडवर्ड ग्रेंज. लाल केसांमुळे सारे जग त्याला ‘रेड’ म्हणून ओळखत असे.

रेड ग्रेंजचा जन्म १३ जून १९०३ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील फोर्क्सव्हिल या लहानशा गावी झाला. वडील लाइल हे लाकूडतोडीच्या तळावर मुकादम होते. रेड पाच वर्षांचा असताना आई वारली आणि वडील मुलांना घेऊन शिकागोजवळच्या व्हीटन गावी नातलगांच्या आश्रयाला आले. तेथे ते पोलिसात लागले. घरची परिस्थिती बेताचीच. शाळेत असताना रेड उन्हाळ्याच्या सुटीत घरोघरी बर्फ पोहोचविण्याचे काम करू लागला. खांद्यावर भल्यामोठ्या बर्फाच्या लाद्या घेऊन जिने चढण्या-उतरण्याने त्याचे शरीर घडले. महाविद्यालयात देशभर नाव झाल्यावरही सुटीत हे काम त्याने सोडले नाही. ‘व्हीटनचा बर्फवाला’ हे त्याचे बिरूद त्यातूनच आले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलहून अगदी निराळा खेळ. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या धक्काबुक्कीतून वाट काढीत शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचायचे, हे त्याचे सार. खेळाडूचे गुडघे, खांदे आणि डोके यांची त्यात सतत कसोटी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी या खेळाची प्रतिष्ठा विद्यापीठांच्या मैदानांवर होती. व्यावसायिक संघ होते. पण ते छोट्या गावांतले, कर्जात बुडालेले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आणि १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग हे नाव धारण केलेल्या संघटनेतील अनेक खेळाडूंना सामन्यामागे शंभर-दीडशे डॉलर मिळत. पैशासाठी खेळणे हे सुशिक्षितांच्या दृष्टीने कमीपणाचे होते.

इलिनॉय विद्यापीठात प्रशिक्षक बॉब झप्की यांनी रेडमधील गुण हेरले. १९२३ मध्ये नेब्रास्काविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने तीन ‘टचडाउन’ केले. पण त्याची आख्यायिका जन्मली ती १८ ऑक्टोबर १९२४ रोजी. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या नव्या स्टेडियमचे लोकार्पण त्या दिवशी होते. समोर बलाढ्य मिशिगन. सामन्याचा पहिलाच चेंडू ग्रेंजने झेलला आणि ९५ यार्ड धावत जाऊन गुण मिळविले. त्यानंतर ६७, ५६ आणि ४४ यार्डांच्या आणखी तीन धावा. हे सारे पहिल्या बारा मिनिटांत घडले! नंतर त्याने पाचवा टचडाउन केला, सहावा सहकाऱ्याकडे चेंडू फेकून घडवून आणला आणि इलिनॉयने सामना ३९-१४ असा जिंकला. हाती न लागणाऱ्या या खेळाडूला ‘दौडते भूत’ हे नाव मिळाले. ऑक्टोबर १९२५ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र झळकले.

त्या दिवशी मिशिगनविरुद्धच्या सामन्याला साठ हजारांहून अधिक लोक तिकिटे काढून आले होते. तिकिटांचा पैसा विद्यापीठाचा, पगार प्रशिक्षकाचा, खप वृत्तपत्रांचा. ज्याला पाहण्यासाठी गर्दी लोटली, त्याच्या हाती मात्र काहीच नाही. हौशी खेळाडूचा धर्म तो हाच. सुटी लागली की तो पुन्हा बर्फाच्या गाडीवर.

या विसंगतीचे मोल ओळखले ते चँपेन गावातील एका चित्रपटगृहाचा चालक सी. सी. पाइल याने. एका संध्याकाळी चित्रपट पाहायला आलेल्या ग्रेंजला त्याने बोलावून घेतले आणि लाख डॉलर मिळवायला आवडतील का, असे विचारले. शिकागो बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस आणि डच स्टर्नमन यांच्याशी बोलणी करून पाइलने दौऱ्याच्या उत्पन्नात वाटा ठरवून घेतला. गंमत अशी, की हॅलस आणि स्टर्नमन हे दोघेही इलिनॉयचेच माजी विद्यार्थी.

झप्की यांना हा निर्णय रुचला नाही. फुटबॉल हा विकण्याचा खेळ नव्हे, असे त्यांचे मत होते. कोलंबसच्या सामन्यानंतर टॅक्सीत बसून त्यांनी ग्रेंजची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. प्रशिक्षकाने खेळ शिकविण्याचे पैसे घेणे योग्य असेल, तर खेळाडूने खेळण्याचे पैसे घेणे अयोग्य कसे, हा ग्रेंजचा प्रश्न होता. त्याचे समाधानकारक उत्तर त्या दिवशी मिळाले नाही. गुरु-शिष्यांत पुढे बराच काळ दुरावा राहिला.

२६ नोव्हेंबरला ग्रेंज शिकागोत व्यावसायिक म्हणून उतरला. सामना शून्य बरोबरीत सुटला, तरी सुमारे ३६ हजार लोक तो पाहायला आले. व्यावसायिक फुटबॉलने अशी गर्दी कधी पाहिली नव्हती. ६ डिसेंबरला न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सत्तर हजारांच्या आसपास प्रेक्षक लोटले आणि कर्जात रुतलेला न्यू यॉर्क जायंट्स हा संघ त्या एका दिवसाच्या उत्पन्नावर तरला. पुढे दक्षिण आणि पश्चिम अमेरिकेचा दौरा झाला. जानेवारी १९२६ मध्ये लॉस एंजलिसला सुमारे ७५ हजार प्रेक्षक होते. लाख डॉलरची भाषा खोटी ठरली नाही.

पण शरीरानेही आपला हिशेब मांडला. डिसेंबरच्या पूर्वार्धात जवळजवळ रोज किंवा दिवसाआड सामने होते. ग्रेंजचा हात दुखावला. बोस्टनला प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. डेट्रॉइटला तो खेळूच शकला नाही आणि तिकिटांचे पैसे परत करावे लागले. काल ज्याला डोक्यावर घेतले त्याचा कंटाळा यायला गर्दीला फार दिवस लागत नाहीत, हे त्याने बाविसाव्या वर्षीच अनुभवले.

विद्यापीठांच्या संतापाची दखल घेऊन लीगने १९२६ मध्ये नियम केला, की विद्यार्थ्याबरोबर प्रवेश घेतलेल्या वर्गाला पदवी मिळेपर्यंत कोणत्याही संघाने त्याच्याशी करार करू नये. हा नियम ग्रेंजच्याच नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये संघ काढण्याची परवानगी लीगने नाकारल्यावर पाइल आणि ग्रेंज यांनी स्वतःची नवी लीग उभारली. ती एका हंगामात बुडाली. त्यांच्या न्यू यॉर्क यँकीज संघाला १९२७ मध्ये जुन्या लीगने सामावून घेतले. पण त्याच वर्षी शिकागो बेअर्सविरुद्धच्या सामन्यात ग्रेंजचा गुडघा मोडला. १९२८ चा पूर्ण हंगाम वाया गेला. वाऱ्यासारखा वळणारा तो धावपटू पुन्हा कधी दिसला नाही. ही दुखापत दोन वर्षे आधी, विद्यापीठाच्या मैदानावर झाली असती, तर त्याच्या हाती वर्तमानपत्रांतील कात्रणांखेरीज काय उरले असते?

एखादा खचला असता. ग्रेंज १९२९ मध्ये बेअर्सकडे परतला आणि बचावपटू म्हणून त्याने नवे आयुष्य घडविले. डिसेंबर १९३२ मध्ये हिमवादळामुळे शिकागोत बंदिस्त सभागृहात झालेल्या निर्णायक लढतीत ब्रॉन्को नॅगर्स्कीने फेकलेला चेंडू झेलून त्याने सामन्यातला एकमेव टचडाउन केला. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात बेअर्स २३-२१ असे आघाडीवर होते. शेवटच्या क्षणी जायंट्सच्या खेळाडूला चेंडूसकट कवेत घेऊन ग्रेंजने तो दुसऱ्याकडे जाऊ दिला नाही आणि अजिंक्यपद राखले. १९३४ च्या हंगामानंतर त्याने खेळ थांबविला. मधल्या काळात त्याने चित्रपटांत कामे केली. पुढे विमा व्यवसाय केला, रेडिओ व दूरचित्रवाणीवर समालोचन केले. १९४१ मध्ये मार्गारेट हेझलबर्ग यांच्याशी त्याचा विवाह झाला. १९५० मध्ये तो इलिनॉय विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर निवडून आला. ज्याने पदवी न घेता विद्यापीठ सोडले, तोच त्याचा विश्वस्त झाला! व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात १९६३ च्या पहिल्याच तुकडीत त्याला स्थान मिळाले. २८ जानेवारी १९९१ रोजी फ्लोरिडात वयाच्या ८७ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

ग्रेंजच्या काळी त्याच्या विद्यापीठाच्या गटाला हंगामोत्तर ‘बोल’ सामने खेळण्यास मनाई होती. त्यामुळे असा सामना टाळण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाही. तो आला पुढच्या पिढ्यांवर. १ जानेवारी २०१६ रोजी फिएस्टा बोल सामन्यात नोत्र दाम विद्यापीठाच्या जेलन स्मिथचा गुडघा निकामी झाला. पहिल्या काही खेळाडूंत निवड होईल अशी ज्याच्याविषयी अपेक्षा होती, तो दुसऱ्या फेरीपर्यंत घसरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री यांनी आपापल्या विद्यापीठांचे बोल सामने न खेळण्याचा निर्णय घेतला. सहकाऱ्यांना वाऱ्यावर सोडल्याचा ठपका त्यांच्यावर आला. २०१७ च्या निवडीत फोर्नेट चौथा आणि मॅकॅफ्री आठवा ठरला. त्यानंतर ही प्रथाच पडली. २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली.

झप्की यांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. संघ म्हणजे परस्परांना दिलेला शब्द असतो आणि तो शेवटच्या सामन्यापर्यंत पाळण्यात एक शोभा असते. ग्रेंजने तो पाळला होता. शेवटचा सामना जिंकून देऊनच तो निघाला. परंतु निष्ठा एकाच बाजूने मागायची आणि जोखीमही त्याच बाजूवर टाकायची, हा व्यवहार फार काळ टिकत नाही. बर्फाच्या लाद्या वाहणाऱ्या मुलाला हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. श्रमाला दाम असतो, हे त्याच्या खांद्यांना केव्हाच ठाऊक होते.